तुळजाबाईचा घास

धावड्याची मुक्कामी गाडी कुणालाच नको असायची. रस्ता खडीचा, झोपायची सोय म्हणजे गाडीचीच सीट, आणि जेवण गावकऱ्यांच्या मेहरबानीवर. ही ड्यूटी मला माझ्या जिभेनेच मिळवून दिली, असं आमचा ड्रायव्हर मल्हारी म्हणायचा. मी कंडक्टर. स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. फूटबोर्डावर लटकणारे, खिडकीतून पोतं टाकून जागा धरणारे, चालत्या गाडीत शेळी चढवणारे, यांच्याशी माझी रोज जुंपायची. मल्हारी मात्र थंड डोक्याचा. माझं भांडण सुरू झालं की तो इंजिन बंद करून तंबाखू मळत बसायचा. जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि लोक बसमध्ये त्यावर वाद घालायचे. त्यातही मी पडायचो.

धावड्यात गाडी पारापाशी उभी राहायची. पारासमोर मच्छिंद्रचं घर. मिरची आणि कपाशी करणारा माणूस. हंगामात त्याची मिरचीची पोती माझ्या टपावर असायची. म्हणून म्हणा किंवा माणूसच तसा होता म्हणून म्हणा, आमचं दोघांचं जेवण त्याच्या घरी ठरून गेलं. स्वयंपाक त्याची बायको करायची. तिचं नाव तुळजाबाई.

बाई उंच, हडकुळी, लुगडं नेसणारी. निऱ्यांच्या वर, पोटापाशी, लुगड्याची एक जाड घडी कायम खोचलेली असायची. बोलणं कमी. तोंडाला पदर. मधूनच उठून मोरीकडे जाऊन थुंकून यायची. गावातल्या बायका म्हणायच्या, तिला मिश्रीचा नाद आहे. मीही तेच धरून चाललो होतो, आणि मला ते आवडत नव्हतं. पण जेवायला बसलं की सगळं माफ. वरण-बट्टी, शेवग्याची आमटी, तव्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा. मी घरी बायकोच्या प्रत्येक भाजीला नावं ठेवणारा माणूस, पण तिथे खाली मान घालून जेवायचो.

तिला जेवताना मात्र आम्ही कधी पाहिलं नाही. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावायची, मीठ कमी-जास्त करायची, तेवढंच. सुरुवातीला वाटलं, पाहुण्यांच्या मागून जेवत असेल, बायकांची रीतच आहे. मग लग्नाकार्यातही तेच दिसलं. पंगतीत बस म्हटलं की ती म्हणायची, "उपास हाय." सोमवारी उपास, गुरुवारी उपास, आणि ज्या दिवशी कुणीच उपास धरत नाही त्या दिवशीही उपास. आसपासच्या गावांत तिचं नाव झालं होतं. माझ्या गाडीत एकदा दोन बायका बोलत होत्या की धावड्याची तुळजाबाई देवीची आहे, तिला अन्न लागतच नाही. मला अशा गोष्टींची चीड येते. मी त्यांना म्हणालो, अन्न लागत नाही तर ती चालते कशावर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढच्या सिटाकडे गेलो.

खरं काय ते एका सकाळी कळलं. पहिली गाडी निघायच्या बेतात होती. मच्छिंद्र पळत आला, मागून तुळजाबाई. दोन्ही हातांनी पोटावर फडकं घट्ट दाबून धरलेलं. बरोबर सात-आठ वर्षांची लेक, बेबीनंदा. तिच्या हातात लाल रबराची एक नळी.

"भाऊ, जल्दी भोकरदनला घ्या," मच्छिंद्र म्हणाला. "नळी निघाली."

"कसली नळी?"

"पोटातली. रेडकानं हिसडा देला. आता भोक बुजून राह्यलं."

मला काहीच समजलं नाही, पण माणसाचा चेहरा समजला. मल्हारीने गाडी काढली. वाटेतल्या थांब्यांवर लोक हात करत होते आणि मी घंटी देत होतो, की थांबू नको. त्या दिवशी मला पहिल्यांदा लोकांना सोडून जाताना बरं वाटलं. तुळजाबाई माझ्या शेजारच्या सिटावर बसली होती. घाबरलेली नव्हती. मीच घाबरलो होतो, म्हणून असेल, तिने मला सगळं सांगितलं.

बेबीनंदा अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. घरात सासू होती, द्वारकाबाई. ती निंबोळीच्या तेलाचा साबण घरीच करायची. त्यासाठी बाजारातून कॉस्टिक सोडा आणायची. कॉस्टिक पाण्यात टाकलं की पाणी उकळल्यासारखं तापतं, ते निवू द्यावं लागतं. सासूने ते तांब्यात कालवून माठाजवळ, गारव्याला ठेवलं आणि शेजारी गेली. तुळजाबाई वैशाखाच्या उन्हातून शेतावरून आली. माठाजवळ तांब्या भरलेला दिसला.

आता आमच्याकडची पाणी प्यायची रीत सांगायला हवी. तांब्याला तोंड लावायचं नाही. लावलं की तो उष्टा झाला. मान मागे टाकायची, तांब्या वर धरायचा आणि धार सरळ घशात सोडायची. लहानपणी आईने मला यावरून चापट मारलेली आहे. तुळजाबाईने तसंच केलं. तोंड लावून प्यायली असती तर ओठालाच चटका बसला असता, जिभेने थुंकून टाकलं असतं. धार ओठांना आणि जिभेला चुकवून खाली गेली, आणि कळलं तेव्हा मोठा घोट उतरला होता.

"तोंड चांगलं राह्यलं," ती म्हणाली. "आतला रस्ता गेला."

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात ती कितीतरी दिवस होती. अन्ननळी आतून भाजली, भरताना आवळत गेली. डॉक्टरांनी तोंडातून बारीक, मग जाड, अशा लवचिक नळ्या घालून रस्ता रुंद करून पाहिला. तो पुन्हा पुन्हा मिटायचा. शेवटी पाण्याचा थेंबही उतरेना. मग पोटाला डाव्या अंगाला, फासळ्यांच्या खाली, भोक पाडून जठरात नळी बसवली. आतड्याचा तुकडा वर ओढून नवी अन्ननळी करता येते, असंही डॉक्टर म्हणाले होते, पण मोठं ऑपरेशन, जिवाची हमी नाही. ती नको म्हणाली. लेक अंगावर पिणारी होती. "आशी नळीवर जगले तर लेक मोठी व्हईल. तेवढं बस," असं ती मला गाडीत म्हणाली, आणि बेबीनंदा शेजारी बसून ते ऐकत होती.

थुंकीही गिळता येत नव्हती, म्हणून ती थुंकायची. मिश्रीबिश्री काही नव्हतं. मला स्वतःचा राग आला, आणि गावातल्या बायकांचा त्याहून जास्त.

भोकरदनच्या स्टँडसमोर काकासाहेब डॉक्टरांचा दवाखाना होता. गाडी थांबते तेवढ्या वेळात मी त्यांना आत पोचवलं. डॉक्टरांनी भोक पाहिलं आणि कपाट उघडलं. पोटाची नळी त्यांच्याकडे नव्हती, आणि जुनी हिसड्याने फाटली होती. त्यांनी दुसरंच एक पाकीट काढलं.

"ही घालतो. टोकाला फुगा असतो. आत गेल्यावर पाण्यानं फुगवला की नळी निसटत नाही. औरंगाबादला जाईपर्यंत हिच्यावर निभेल."

"ही कशाची?" मच्छिंद्रने विचारलं.

डॉक्टर सरळ माणूस. खोटं बोलले असते तर काम झालं असतं. ते म्हणाले, "लघवीची."

तुळजाबाईने पुन्हा पोटावर फडकं दाबलं. "न्हाई," ती म्हणाली.

"अहो, नवी आहे. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही."

"आसू द्या नवी. लघवीच्या नळीतून अन्न घालायचं? माझ्या लेकीच्या हातानं?"

मच्छिंद्रने तोड काढली. म्हणाला, "मी गोमूत्र घेऊन येतो. नळीवर शिंपडू, मंग घाला." लघवीची नळी शुद्ध करायला गोमूत्र! मला हसू आलं, पण बाईचा चेहरा पाहून मी ते दाबलं. डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही. ते मच्छिंद्रवर असे ओरडले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. मग तुळजाबाईकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे भोक मिटत चाललंय. मिटलं तर पुन्हा चिरावं लागेल. नाव आपण ठेवलं म्हणून ही लघवीची. ही अजून कुणाच्याच अंगात गेलेली नाही."

ती भिंतीकडे बघत बसली. स्टँडवर मल्हारी हॉर्न वाजवत होता. बेबीनंदाने आईच्या हातावरचं फडकं हळूच सोडवलं. तुळजाबाई म्हणाली, "घाला. पण कोन्ती नळी ते गावात कुणाला सांगायचं न्हाई." एवढं ऐकून मी गाडीकडे पळालो. गावात ते कधी कुणाला कळलं नाही. मल्हारीलाही मी सांगितलं नाही.

त्यानंतर त्या घराने आमच्यापासून फारसं काही झाकलं नाही. नळीचं सगळं शास्त्र मला तिथेच कळलं. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करायची, पातळ करायची, फडक्यातून गाळायची. नळीचा चिमटा काढायचा, टोकाला नरसाळं लावायचं, नरसाळं उंच धरायचं आणि धीराने ओतायचं. घाई केली की पोटात कळ येते. शेवटी साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी आतून चिकटून बसते. यासाठी दोन माणसांचे हात लागतात. एक नळी आणि नरसाळं सांभाळणारा, एक ओतणारा. नरसाळं बेबीनंदा धरायची. पाटी-पेन्सिल नीट धरता येत नव्हती तेव्हापासून ती ते धरत आली.

आणखी एक गोष्ट होती, ती मला बऱ्याच उशिरा कळली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की आधी घास तोंडात घ्या, चावा, चव घ्या, मग नरसाळ्यात टाका. चावलं की पोटाला कळतं जेवण येतंय ते, अन्न पचतंही नीट, आणि जेवल्यासारखं वाटतं. तुळजाबाई ते करायची. पण तोंडातून बाहेर आलेला घास म्हणजे उष्ट्याहून उष्टा. कुणी पाहिलं तर तिच्या हातचं पाणीसुद्धा प्यायलं नसतं. म्हणून ती आतल्या खोलीचं दार लावून जेवायची. बाहेर उपास आणि आत जेवण.

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल ती हसून सांगायची. "त्या वार्डात नळीबिगर मानूस नव्हता. एकीच्या नाकातून पोटात नळी, तिला त्यातून दूध. एकाच्या छातीत नळी, अन् तिचं टोक खाली बाटलीतल्या पाण्यात. त्यानं श्वास घेतला की पाणी खालीवर व्हायचं, बुडबुडे यायचे. आमी बघत बसायचो. एका म्हाताऱ्याच्या गळ्यालाच भोक, त्यातून वारा घ्यायचा. बोलायचं आसंल तर भोकावर बोट ठेवायचा. अन् लघवीची नळी तर घरोघर. कुणाचं आत घालायची, कुणाचं बाहेर काढायची. तिथं कुणी कुणाला लाजत नव्हतं. धावड्यात आले अन् लाज सुरू झाली."

हे ती हसत सांगायची, आणि मला मात्र ऐकताना वाईट वाटायचं.

वर्षं गेली. द्वारकाबाई वारली. शेवटपर्यंत ती सुनेच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नाही, असं लोक म्हणतात. मी एवढंच पाहिलं की त्या घरात साबण पुन्हा कधी झाला नाही. माझी धावड्याची ड्यूटी सुटली, मी जालना-औरंगाबाद गाडीवर आलो, तरी मच्छिंद्रकडचं येणंजाणं सुटलं नाही. तुळजाबाई नळी बदलायला औरंगाबादला जाताना माझ्याच गाडीने जायची. बेबीनंदा बारावी झाली आणि तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली.

दोन स्थळं आली आणि परत गेली. नळी निघाली त्या सकाळपासून गावाला कुणकुण होतीच. मुलगी पसंत पडायची, मग गावातलं कुणीतरी पाहुण्यांच्या कानाला लागायचं, की आईच्या पोटाला भोक आहे, ते जन्मापासूनचंच असणार, लेकीलाही होणार. एका पाहुण्याने तर चहाचा कप अर्धा ठेवून चप्पल घातली. मी तिथे असतो तर त्याला तो कप संपवायला लावला असता. बेबीनंदा रडली नाही. तिने कप उचलून नेला आणि घासत बसली.

तिसरं स्थळ मी आणलं. जालन्यात माझ्या घराच्या दोन घरं पलीकडे रामकिसन राहायचा. एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. मुलगा बियाण्यांच्या कारखान्यात, सरळमार्गी. घर चांगलं, फक्त रामकिसनची बायको पुष्पाबाई तोंडाची फटकळ. तिच्या हातचं कुणी नाकारलं की ती वर्षभर त्याच्याशी बोलत नसे. मी एकदा तिच्याकडची कढी नको म्हणालो होतो, त्याचं अजून मला ऐकावं लागतं. पण फटकळ माणसं मला परवडतात.

मुलाकडच्यांनी बेबीनंदाला पाहिलं, पसंत केली. आता मुलीकडच्यांनी जालन्याला घर पाहायला यायचं, आणि तिथेच सुपारी फुटायची. सुपारीच्या आधी आमच्या भागात विहिणींचा घास असतो. मुलाची आई मुलीच्या आईला स्वतःच्या हाताने गोड घास भरवते, तिच्या हातचा आपण घेते, मगच सुपारी. घास परतला तर सोयरीक परतली, असं समजतात.

मी मच्छिंद्रला म्हणालो, "आधी सांगून टाकू."

"बिलकुल न्हाई," तो म्हणाला. "दोन ठिकाणं गेली. हे गेलं तर पोरगी घरात बसंल. मी चतुर्थीचा दिस धरतो. उपास हाय म्हणू, घास लग्नावर टाकू. एकदा अक्षदा पडल्या मंग कोण इचारतंय?"

आणि तुळजाबाईने घरीच थांबावं, असंही तो म्हणाला. ती म्हणाली, "लेकीची सुपारी हाय. मी येणार."  पुष्पाबाईला मी निरोप दिला, की विहीणबाईंचा त्या दिवशी उपास असतो. तेवढं खोटं मी पोचवलं.

चतुर्थीच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे रामकिसनच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. पत्र्याचं घर, खाली सतरंजी. भिंतीला टेकून रामकिसन, त्याच्या हातात अडकित्ता. शेजारी मच्छिंद्र, मग मी. समोर तुळजाबाई, मांडीवर तिची कायमची कापडी पिशवी. आतून पुष्पाबाई ताट घेऊन आली. ताटात भगर, दाण्याची आमटी, आणि मधोमध शेंगदाण्याच्या लाडवांचा ढीग.

"विहीणबाईंचा उपास म्हणून सांगितल्तं भाऊंनी," ती म्हणाली. "म्हणून मंग मीबी धरला आज. दोघी संगं फराळ करू."

मी मच्छिंद्रकडे पाहिलं, मच्छिंद्रने माझ्याकडे. उपासाला आपल्याकडे ताट कमी होत नाही, उलट जास्त वाढतं, ही गोष्ट आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यातच आली नव्हती.

पुष्पाबाई तुळजाबाईसमोर बसली, एक लाडू उचलला आणि तिच्या तोंडापाशी नेला. "घ्या."

"तिचा निरंकार अस्तो," मच्छिंद्र घाईने म्हणाला. "पाणीबी घेत न्हाई."

हात तसाच राहिला. "गूळ अन् दाणे तर हायत. ते कवापासून चालंना झाले?" मग तिचा आवाज बदलला. "का आमच्या घरचं नको? तसं आसंल तर आताच सांगा. माझा लेक काही रस्त्यावर पडला न्हाई."

रामकिसनने अडकित्ता खाली ठेवला. मच्छिंद्रला घाम फुटला होता.  तुळजाबाईने तोंडावरचा पदर काढला.

"ह्यांचं ऐकू नका," ती म्हणाली. "मला उपास न्हाई. कवाच नव्हता. माझा घसा जळेल हाय. बाळंतपण व्हऊन थोडे दिस झाल्ते, तवा पाणी समजून साबणाचं कॉस्टिक पिले. त्यात माझ्या लेकीचा काही दोष न्हाई, अन् ते तिला व्हणारबी न्हाई. मला तोंडात घास घेता येतो, चावता येतो. गिळता येत न्हाई. मंग तो पोटाच्या नळीतून सोडावा लागतो. रोज तसंच जेवते, दार लावून." तिने मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. "लेक तुमच्या घरात नांदायची. तिनं आईचं पोट किती दिस झाकायचं? आता बघवत आसंल तर भरवा. न्हाईतर आमी उठतो."

 बाहेरून एमआयडीसीकडे जाणारा टेम्पो गेला, त्याने पत्रे हादरले. पुष्पाबाईचा हात अजून तिथेच होता, लाडू धरलेला. माझ्या मनात आलं, गेलं हेही स्थळ. मला रडू येईल असं वाटायला लागलं आणि त्याचाच राग आला.

"तोंड उघडा," पुष्पाबाई म्हणाली.

तुळजाबाईने अर्धा लाडू दातांनी तोडला. उरलेला अर्धा पुष्पाबाईने ताटाच्या कडेला ठेवला. तुळजाबाई चावत राहिली. शेंगदाण्याचा लाडू, चावायला वेळ लागतो. चावता चावता तिने पिशवीतून नरसाळं काढलं, छोटा तांब्या काढला, आणि दाराकडे पाहिलं. रोज तिथे बेबीनंदा असते. बेबीनंदा धावड्यात होती.

"कुणी धरावं लागतं का ते?" पुष्पाबाईने विचारलं. तुळजाबाईने होकारार्थी मान डोलावली.

"गड्यांनो, तिकडं तोंड करा."

आम्ही तिघं भिंतीकडे वळलो. माझ्यासमोर बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर कपाशीची बोंडं. मी बोंडांकडे बघत बसलो. माझ्या शेजारी मच्छिंद्रचा श्वास ऐकू येत होता. मागे लुगड्याची घडी उलगडल्याचा आवाज झाला, मग चिमट्याचा. घास नरसाळ्यात पडल्याचं कळलं. मग तुळजाबाईचा आवाज आला, तोंड मोकळं झालेला.

"वर धरा. आजून वर. हां, बराबर."

पाणी ओतल्याचा आवाज आला, हळूहळू.

"दुखतं का?" पुष्पाबाईने विचारलं.

"न्हाई. गार लागतं जरा."

पुन्हा पाणी. चिमटा लागला. लुगडं सावरलं गेलं.

"अन् चव?" पुष्पाबाई म्हणाली. "चव लागती का तुम्हाला?"

इतकी वर्षं मी त्या बाईच्या हातचं जेवलो. नळीबद्दल, भोकाबद्दल, दवाखान्याबद्दल हजार गोष्टी विचारल्या. हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"लागती की," तुळजाबाई म्हणाली. "जीभ शाबूत हाय."

"मंग कसा झालाय लाडू?"

मी कॅलेंडरकडे बघत मनात म्हणालो, चांगला म्हण. बाई, एवढं एकदा खोटं बोल. आयुष्यभर उपास म्हणालीस, आता एकदा चांगला म्हण.

"दाणे जरा जास्त भाजल्यात," तुळजाबाई म्हणाली.

मच्छिंद्रने डोळे मिटले. मी परवानगीची वाट न पाहता मागे वळलो. पुष्पाबाई नरसाळं मांडीवर घेऊन बसली होती. तिने ताटाकडे पाहिलं. ताटात लाडवांचा ढीग होता, एकही न मोडलेला, आणि कडेला तुळजाबाईच्या दातांचा तो उष्टा अर्धा. पुष्पाबाईने तोच उचलला, तुळजाबाईच्या हातात दिला आणि तोंड पुढे केलं.  तुळजाबाईने तो घास भरवला.

पुष्पाबाईने डोळे बारीक करून नीट चावला, आणि गिळला.

"भाजल्यात खरं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुमी काय बघून राह्यले? फोडा सुपारी."